आयएसओ ८०० च्या पुढे जात नाही, तरी कर्णा रवाळ का येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निकॉन डी ७२०० कॅमेरा आणि २००-५०० एफ ५.६ भिंग ही जोडी तुमच्याकडे आहे. ऑटो आयएसओची, म्हणजे कॅमेरा संकेत आपोआप किती वाढवतो त्या आकड्याची, मर्यादा ८०० वर बांधून ठेवलीय. तरीही पक्ष्यांचे फोटो रवाळ येतात, आणि काळ्या-तपकिरी भागांत तर लाल-हिरवे ठिपके उठतात. गोव्यात डिचोलीतल्या मित्रांचं म्हणणं पडलं की हा क्रॉप (लहान) सेन्सरचा दोष, मोठ्या सेन्सरचा फुलफ्रेम घेतल्याशिवाय सुटका नाही. मग बॉडी बदलावी, की आयएसओ ४०० वर आणून बघावा?

यातलं काहीच करू नका, निदान इतक्यात तरी नको. तुम्ही दिलेले तीन फोटो आणि त्यांची सेटिंग्ज नीट बघितली. तांबडी सुर्ल्याचा कर्णा (मलबार ट्रोगन), करमळीच्या तळ्यावरचा मोठा बगळा आणि बोंडल्याच्या वाटेवर निष्पर्ण झाडावर बसलेला कवड्या धनेश. तिन्हींत शटर प्रायॉरिटी (शटर आपण ठरवायचं, अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याने), शटर १/८०० सेकंद, आयएसओची मर्यादा ८०० आणि एक्स्पोझर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरपेक्षा फोटो उजळ किंवा काळोखा काढायची सोय, उणे १. उणे १ का, तेही तुम्हीच लिहिलंय: 'पांढरे पक्षी फाटतात, म्हणून कायम एक स्टॉप खाली ठेव' असं कुणीतरी सांगितलं होतं. फाटणं म्हणजे पिसांचे बारकावे नुसत्या पांढऱ्यात हरवणं, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. म्हणजे खरा प्रश्न आयएसओ जास्त झाल्याचा नाही. फोटो अंधारात काढले जातायत आणि घरी येऊन संगणकावर उजळले जातायत, हा आहे. रवाळपणा जंगलातच फाईलमध्ये येऊन बसलेला असतो. स्लायडर ओढला की तो फक्त दिसायला लागतो.

तिघांमधला बगळा चांगला आलाय, आणि मला वाटतं त्यानेच तुमची वाट चुकवली. सकाळचं स्वच्छ ऊन, मागे तळ्याची काळपट हिरवी झाडी आणि मध्ये पांढराशुभ्र पक्षी. कॅमेऱ्याचं मीटर सगळी चौकट सरासरी मध्यम करड्या उजेडाची धरून चालतं. एवढा काळोख दिसला की ते चौकट उजळवायला जातं आणि बगळ्याची पिसं पांढऱ्या पत्र्यासारखी सपाट होतात. तिथे उणे १ अगदी बरोबर होतं. पण तेच उणे १ धनेशाला लावलंत तेव्हा गणित उलटलं. मागे पावसाळी पांढरं आकाश, पुढे काळा पक्षी. मीटर आकाशाला करडं करायला बघतं, पक्षी आधीच अंधारात जातो, त्यात तुमचं उणे १. तिथे अधिक दीड ते दोन हवं होतं. म्हणजे फरक जवळजवळ तीन स्टॉपचा झाला, आणि तीन स्टॉप म्हणजे आठपट उजेड.

एवढ्या फरकाने काय होतं ते सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकीची सेटिंग्ज पाठ करावी लागत नाहीत.

प्रकाश सेन्सरवर सलग धारेसारखा येत नाही, कणाकणाने येतो, आणि हे कण शिस्तीत येत नाहीत. अंगणात एकसारख्या वाट्या ओळीने मांडून ठेवल्या आणि पावसाचे चार थेंब पडून गेले, तर एका वाटीत दोन थेंब, शेजारच्या वाटीत पाच आणि तिसरी कोरडी. तोच पाऊस तासभर कोसळला तर सगळ्या वाट्या दिसायला सारख्याच भरतात. कमी-जास्त तेव्हाही असतंच, पण भरलेल्या पाण्याच्या मानाने ते नगण्य ठरतं. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलचं हेच आहे. सरासरी १०० कण पडायचे असतील तर चढउतार सुमारे १० कणांचा, म्हणजे १० टक्के. १०,००० कण पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का. शेजारच्या पिक्सेलांमधला हा चढउतार म्हणजेच आपण ज्याला नॉइज म्हणतो त्यातला मोठा भाग. उजेड चौपट केला की रवाळपणा निम्मा होतो. सेन्सर कुठल्या कंपनीचा आहे याच्याशी त्याचा संबंध नाही, हा प्रकाशाचाच स्वभाव.

यात आयएसओचं काम नंतर सुरू होतं. सेन्सरवर उजेड किती पडला हे तीनच गोष्टी ठरवतात: त्या जागी उजेड किती होता, अ‍ॅपर्चर किती उघडं होतं (एफचा आकडा लहान तेवढं जास्त उघडं) आणि शटर किती वेळ उघडं राहिलं. जमा झालेला संकेत किती वाढवून लिहायचा, एवढंच आयएसओ सांगतो. मग आयएसओ ३२०० चे फोटो १०० पेक्षा रवाळ का दिसतात? कारण कॅमेऱ्याने ३२०० उचलला तेव्हा तिथे उजेडच कमी होता. ताप आलाय तो थर्मामीटरमुळे नव्हे. आणि तुम्ही आकडा ८०० वर अडवलात म्हणून जंगलात उजेड वाढत नाही. कॅमेऱ्याला वाढवू दिलं नाहीत, ते वाढवण्याचं काम लाइटरूम या संपादनाच्या सॉफ्टवेअरने केलं.

इथे एक बारकावा आहे, तो दडवून ठेवला तर उत्तर अर्धवट राहील. सेन्सरमधून संकेत वाचतानाही इलेक्ट्रॉनिक्स आपला थोडा नॉइज घालतं. जुन्या पिढीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत हा भाग मोठा असायचा. तिथे आयएसओ कमी ठेवून नंतर उजळलं तर सावलीत पट्टे आणि रंगीत ठिपके उठायचे, आणि त्याच शटर-अ‍ॅपर्चरला कॅमेऱ्यातच आयएसओ वाढवला तर फोटो स्पष्टपणे स्वच्छ यायचा. तुमच्या डी ७२०० सारख्या सेन्सरांत वाचनाचा नॉइज इतका कमी आहे की ८०० वर अंधारा काढून तीन स्टॉप उजळलेला आणि सरळ ६४०० वर काढलेला, हे दोन फोटो जवळपास सारखेच रवाळ दिसतात. त्यामुळे नुसती आयएसओची मर्यादा उठवलीत तर पडद्यावर फोटो नीट दिसेल, रंग सुधारतील, जेपेग कामाचं होईल. पण कर्ण्याच्या डोक्यावरचे दाणे फारसे जाणार नाहीत. ते घालवायचे असतील तर खरा उजेडच जास्त गोळा करायला हवा. म्हणजे शटर.

आता कर्णाच घेऊ. तांबडी सुर्ल्याला मंदिराच्या पलीकडे जिथे झाडी दाटते, तिथे सकाळी नऊलाही खाली उजेड बेताचाच असतो. तुमच्या फोटोत १/८००, एफ ५.६, आयएसओ ८०० आहे आणि चौकट साधारण तीन स्टॉप अंधारी आहे. भिंग आधीच पूर्ण उघडं, आयएसओ मर्यादेला टेकलेला, कॅमेऱ्याकडे हलवायला काहीच उरलं नव्हतं. व्ह्यूफाइंडरमध्ये तळाशी एक्स्पोझरची खूण लुकलुकत असणार, पण समोर कर्णा असताना तळाशी कोण बघतं! त्याचं डोकं आणि छाती काळी, खाली पांढरी पट्टी, मग लाल पोट. काळ्या भागातून मुळातच उजेड कमी परततो, तो तुम्ही आणखी आठपट कमी केला. म्हणून ठिपके डोक्यावरच सर्वांत जास्त आहेत आणि पांढऱ्या पट्टीवर जवळजवळ नाहीत. फाईल उघडून १०० टक्क्यांवर बघा. एकाच पक्ष्यावर, एकाच आयएसओला, चार बोटांच्या अंतरात दोन वेगवेगळे फोटो असल्यासारखं दिसेल.

पण कर्णा करतो काय? बसून राहतो. आपली चाहूल लागली की पाठ फिरवतो आणि मिनिटच्या मिनिटं तसाच, फक्त मान सावकाश वळते. अशा पक्ष्याला १/८०० कशाला? १/१०० ला या, आयएसओ ८०० तोच राहू द्या, एक्स्पोझर बरोबर येईल. आठपट उजेड म्हणजे रवाळपणा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, आणि आयएसओचा आकडा तोच. ५०० मिलिमीटरला १/१०० म्हणजे हात थरथरणार, हे मान्य. म्हणून मोनोपॉड (एकपायी स्टँड), व्हीआर (भिंगातली हलणं कमी करणारी सोय) चालू, आणि एकेक फोटो न काढता पाच-सहाची माळ लावायची. पहिला सहसा हलतो, कारण बटण दाबताना कॅमेरा दबतो. मधल्या दोन-तीनांत एखादा कोरीव निघतो. मी आधी १/४०० ला दोन-चार काढून घेतो, म्हणजे पक्षी उडाला तरी हातात काहीतरी असतं. मग तो बसलेला असेल तर १/२००, १/१००, धीर असेल तर १/६० पर्यंत उतरत जातो. शेवटच्यांतले बरेच हललेले निघतात, ते पुसून टाकायचे. मेमरी कार्डाला पैसे पडत नाहीत.

हे सगळ्या पक्ष्यांना लागू नाही. वेडा राघू, कोतवाल, भृंगराज बसलेले असले तरी मान झटकत असतात. तिथे १/५०० च्या खाली गेलात तर डोळा पुसट होतो. पिल्लांना भरवणारा पक्षी असेल तर तेवढंही कमी पडतं. उडणाऱ्या ब्राह्मणी घारीला १/१६०० किंवा वर, मोरजीच्या किनाऱ्यावरच्या सुरयांना १/२५०० सुद्धा हवं. सुदैवाने किनाऱ्यावर उजेडाची ददात नसते. स्वच्छ उन्हात एफ ५.६ आणि आयएसओ ४०० ला १/३२०० सहज मिळतं, आणि पांढऱ्या पक्ष्याला त्याहूनही अर्धा-पाऊण स्टॉप खाली यावं लागतं. चोडणला सलीम अली अभयारण्याच्या खारफुटीत होडीतून फिरताना मोनोपॉडही उपयोगी नाही, होडीचं हलणं त्यातून थेट कॅमेऱ्यात चढतं. तिथे हातात धरून १/६४० च्या आसपास राहतो आणि आयएसओला हवा तेवढा चढू देतो. हललेल्या पक्ष्यापेक्षा रवाळ पक्षी केव्हाही परवडला. रवाळपणावर घरी काहीतरी करता येतं, हललेल्याला इलाज नाही.

पावसाळ्यातल्या तिबोटी खंड्याबद्दल तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय, त्यावर जरा थांबतो, कारण जूनपासून कोकणपट्टीतल्या निम्म्या कॅमेऱ्यांची तोंडं त्याच्याकडे वळलेली असतात. जेमतेम १३ सेंटिमीटरचा पक्षी, ओढ्याकाठची गर्द झाडी, वर पावसाचं आभाळ. सावईवेऱ्यासारख्या भागात एखाद्या जुन्या कुळागरातून ओहोळ जात असेल तर सुपारी, केळी आणि मिरीच्या वेलांखाली दुपारी बारालाही संध्याकाळ झाल्यासारखी वाटते. १/१२५, एफ ५.६, आयएसओ ३२०० हा माझा तिथला नेहमीचा आरंभ. सरडा किंवा खेकडा चोचीत धरून तो फांदीवर थांबतो तेव्हा दोन-चार सेकंद पुतळाच असतो, तेवढ्यात माळ लावायची. फ्लॅश नको. बिळाच्या समोर तर अजिबात नको. मातीच्या कडेतलं बीळ, त्यात पिल्लं, आणि समोर छत्र्या धरून उभी असलेली माणसं, असं दृश्य दिसलं तर कॅमेरा न काढता पुढे जा. दिवसा झोपलेल्या बेडूकतोंड्यावर टॉर्च मारून 'उजेड वाढवणं' हाही असलाच प्रकार. नॉइज घालवायचा तो मार्ग माझ्या हिशेबात बसत नाही.

इथवर आलोय तर एकदा उजळणी करतो. कायमचं उणे १ काढून टाका. आयएसओची मर्यादा ६४०० करा. शटर पक्षी काय करतोय यावर ठरवा, सवयीवर नको. आता उरला प्रश्न किती उजळ काढायचं हा.

याला इंग्रजीत एक ठरलेला शब्दप्रयोग आहे, आपण 'हिस्टोग्राम उजवीकडे ढकलणं' म्हणू. हिस्टोग्राम म्हणजे चौकटीतल्या उजेडाचा आलेख: डावीकडे काळोखं, उजवीकडे उजळ. कॅनडाचे छायाचित्रकार मायकेल राइकमन यांनी २००३ मध्ये ही कल्पना लोकांपर्यंत नेली. त्यांचा मुद्दा असा होता की डिजिटल फाईलमध्ये सर्वांत उजळ एका स्टॉपमध्येच निम्म्या छटा साठवल्या जातात: १४ बिट फाईलमधल्या १६,३८४ पैकी ८,१९२. म्हणून फोटो उजळ काढा. सल्ला पक्का होता, पण कारण अर्धंच होतं. खरं बळ छटांच्या संख्येत नाही, जास्त पडलेल्या उजेडात आहे, तोच वाट्यांचा हिशेब. हा फरक मी उगाच काढत नाही. नुसता आयएसओ वाढवून हिस्टोग्राम उजवीकडे नेलात तर छटा मिळतात, उजेड मिळत नाही, आणि वर पांढरं फाटायची जोखीम वाढते. शटर किंवा अ‍ॅपर्चरने नेलात तरच खरा फायदा.

ढकलायचं कुठपर्यंत? पक्ष्याच्या अंगावरचं सर्वांत उजळ पीस फाटणार नाही तिथपर्यंत. पक्ष्याच्या अंगावरचं, हे शब्द महत्त्वाचे. हिस्टोग्राम संपूर्ण चौकटीचा असतो, आणि तुमचा पक्षी चौकटीच्या दहाव्या भागातही नसतो. मागची झाडी डावीकडे मोठा डोंगर करते आणि बगळ्याचं सगळं पांढरं उजव्या कोपऱ्यात केसाएवढ्या रेघेत येतं, ती उन्हात पडद्यावर दिसतसुद्धा नाही. म्हणून मी आलेखापेक्षा लुकलुकणाऱ्या हायलाइट्सवर भरवसा ठेवतो, म्हणजे काढलेला फोटो बघताना फाटलेला भाग लुकलुकवून दाखवणाऱ्या सोयीवर. प्लेबॅक डिस्प्लेमध्ये तो पर्याय चालू करून ठेवा. करमळीला स्वच्छ दिवशी पोचलो की पहिला जो बगळा उन्हात सापडेल त्याच्यावर पूर्ण मॅन्युअलमध्ये एक-दोन फोटो काढतो आणि छातीवरची पिसं लुकलुकायला लागेपर्यंत एक-तृतीयांश स्टॉपच्या पायऱ्यांनी वर जातो. लुकलुक सुरू झाली की एक-दोन पायऱ्या मागे. तेच एक्स्पोझर मग ऊन बदलेपर्यंत त्या तळ्यावरच्या सगळ्या पक्ष्यांना चालतं: जांभळी पाणकोंबडी असो, कमळपक्षी असो, पाणकावळा असो. ऊन सगळ्यांवर तेवढंच पडतंय, मागची झाडी काळी आहे की पाणी चमकतंय याच्याशी मग देणंघेणं उरत नाही. सूर्य वर चढताना पहिला तास-दीड तास उजेड भराभर वाढतो, तेवढ्या वेळात हे परत परत करावं लागतं.

एक पथ्य. ही लुकलुक आणि हिस्टोग्राम दोन्ही कॅमेऱ्याच्या आतल्या जेपेगवरून काढलेले असतात, तुम्ही रॉ (सेन्सरची कच्ची फाईल) काढत असलात तरी. पिक्चर कंट्रोल (कॅमेऱ्यातली रंगांची ठरावीक शैली) व्हिव्हिड असेल तर पिसं फाटायच्या आधीच फाटल्याची आरोळी उठते. फ्लॅट किंवा न्यूट्रल ठेवा, पडद्यावरचा फोटो मरगळलेला दिसेल पण बातमी खरी मिळेल. रॉमध्ये त्यापुढेही थोडी जागा उरते. ती किती, हे प्रत्येकाने आपापल्या कॅमेऱ्यावर काढून बघावं. आणि लाल-पिवळ्या पक्ष्यांच्या वेळी तिन्ही रंगांचे वेगळे आलेख बघा. कर्ण्याचं पोट किंवा आपल्या गोव्याच्या राज्यपक्ष्याचा, फ्लेम-थ्रोटेड बुलबुलचा, गळा उन्हाच्या कवडशात आला तर एकूण आलेख निवांत असतो आणि लाल चॅनेल कडेला आपटलेला असतो. मग संपादन करताना त्या लालमध्ये पिसं सापडत नाहीत, नुसता रंगाचा डाग राहतो.

धनेशाच्या फोटोत याच्या उलट वागायचं. तिथे मागचं आकाश लुकलुकलं तर लुकलुकू द्या. पांढऱ्या ढगात वाचवण्यासारखं काही नसतं. तुमच्या त्या फोटोत कॅमेऱ्याने १/८०० राखण्यासाठी एफ ८ केलंय. म्हणजे एफ ५.६ ला एक स्टॉप उजेड दाराशी उभा होता. पक्षी बसलेला आहे, १/४०० पुरलं असतं, म्हणजे दुसरा स्टॉप. काळ्या पाठीवरची ती हिरवट झाक आणि चोचीवरच्या शिरस्त्राणाच्या रेघा त्यातच दिसल्या असत्या. शटर प्रायॉरिटीपेक्षा मॅन्युअलमध्ये ऑटो आयएसओ लावा असं मी सांगतो ते यासाठीच. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, शटर तुमच्या अंगठ्याखाली, आयएसओ कॅमेऱ्याचा, आणि तो किती उजळ ठेवायचा हे कॉम्पेन्सेशनच्या बटणाने. तुमच्या बॉडीत मॅन्युअलमध्येही ते बटण ऑटो आयएसओवर चालतं. फक्त भर उन्हात एक लक्ष ठेवा: आयएसओ १०० ला टेकला की कॅमेऱ्याला खाली जायला जागा नसते, तिथे शटर तुम्हालाच वाढवावं लागतं.

आता फुलफ्रेम. मित्रांचं म्हणणं सरसकट चूक नाही, पण पक्ष्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा गैरलागू आहे. फुलफ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ तुमच्या सेन्सरच्या सव्वादोन पट. पूर्ण सेन्सर पक्ष्याने आणि त्याच्या परिसराने भरता आला तर सव्वा स्टॉपच्या आसपास फायदा आहे. पण तेच भिंग, तेच अंतर, तोच कर्णा असेल तर सेन्सरवर पडणारी त्याची प्रतिमा मिलिमीटरमध्ये तेवढीच, त्याच्यावरून आलेला उजेडही तेवढाच. नव्या बॉडीत त्याच्याभोवती फक्त जास्त पानं येतील. ती कापून टाकलीत की परत तिथेच. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेममधून तेवढा तुकडा कापला तर हातात १०-११ मेगापिक्सेल राहतात. जवळ जाता येत नसेल आणि लांबचं भिंग घेणार नसाल, तर पैसे बॉडीत घालू नका.

क्रॉपचा हा मुद्दा तुमच्या आत्ताच्या फोटोंनाही लागू आहे. कर्ण्याची चौकट तुम्ही रुंदीत निम्मी आणि उंचीत निम्मी कापलीय. म्हणजे पावभाग उरला, गोळा केलेल्या उजेडातला तीन चतुर्थांश फेकला गेला, दोन स्टॉपचं नुकसान. शटरवर कमावलेल्या तीनपैकी दोन स्टॉप असे जाणार असतील तर काय उपयोग? अंतर निम्मं करणं हे एफ ५.६ चं भिंग एफ २.८ करण्यासारखं आहे आणि त्याला खर्च नाही. ते दर वेळी जमत नाही, आणि पक्ष्याला त्रास देऊन तर करूच नये. पण करमळीला बांधावर उभं राहून फोटो काढण्याऐवजी खाली बसून पंधरा-वीस मिनिटं हललो नाही तर कमळपक्षी आपणहून निम्म्या अंतरावर येतात. खाजन (खाडीकाठच्या बांधातल्या) शेतांच्या मानशीपाशी, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशीही तेच: गाडीतून उतरू नका, काच खाली करून दारावर कडधान्याची पिशवी ठेवा, तिच्यावर भिंग. खंड्या गाडीला घाबरत नाही, माणसाला घाबरतो. गाडीतला एसी मात्र आधीच बंद करा, नाहीतर आपल्याकडच्या दमट हवेत काच खाली केल्याबरोबर भिंगावर धुकं धरतं.

नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल थोडंच. लाइटरूममध्ये २०२३ पासून आलेलं डिनॉइज मी वापरतो, आणि ३२००-६४०० च्या नीट एक्स्पोज केलेल्या रॉ फाईलवर ते झकास काम करतं. तीन-चार स्टॉप अंधाऱ्या फाईलवर तेच चालवलं तर पिसांच्या जागी पिसांसारखं काहीतरी काढून देतं. घरी भिंतीवर लावायला ठीक असेल. पक्षी ओळखायचा असेल, विशेषतः वटवट्यांसारखे सारखे दिसणारे पक्षी, तर पिसांवर नसलेली रेघ उमटलेली मला चालत नाही.

माझ्या शब्दावर विसंबू नका, एका सकाळी पडताळून बघा. घराजवळच्या कुळागरात सावलीतला एखादा सुपारीचा घड निवडा, कॅमेरा ट्रायपॉडवर, रॉ, मॅन्युअल, एफ ५.६, ऑटो आयएसओ बंद. आधी १/१०० आणि आयएसओ ८०० च्या आसपास बरोबर एक्स्पोझर येईल अशी जागा शोधा. मग पहिली फ्रेम १/८०० आणि आयएसओ ८००. दुसरी १/८०० आणि ६४००. तिसरी १/१०० आणि ८००. चौथी १/५० आणि ८००. संगणकावर पहिली तीन स्टॉप वर घ्या, चौथी एक स्टॉप खाली आणा, आणि चारही १०० टक्क्यांवर शेजारी-शेजारी लावून देठांमधल्या काळ्या सांदी बघा. पहिली आणि दुसरी जवळपास जुळ्या निघतील. पहिली आणि तिसरी दोन्ही आयएसओ ८०० च्याच, तरी त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असेल. चौथी तिसरीहूनही थोडी स्वच्छ असेल, फक्त घडावर कुठे कवडसा पडला असेल तर ती जागा फाटली नाही ना ते तपासा. वारा पडलेला असताना करा, आणि ट्रायपॉडवर व्हीआर बंद ठेवा, नाहीतर १/५० ची फ्रेम हलल्यासारखी दिसू शकते आणि दोष शटरवर जाईल.